माळ्यावरचे फोटो संग्रहालयात देण्याआधी

चवथीआधी माळा झाडताना पत्र्याचा डबा सापडतो. आतल्या फोटोंत घरचं कोणी दिसत नाही, म्हणून ते कचऱ्यात जातात. कृपया टाकू नका, आधी आमच्या स्टुडिओत घेऊन या.

म्हापशातल्या एका आजींनी तळहाताएवढा चौकोनी फोटो आणला होता. भिंतीपाशी चार शाळकरी मुलं, एवढंच. भिंग लावलं तेव्हा मुलांमागे चुन्याच्या भिंतीवर रंगवलेलं फूल दिसलं. गोव्यातल्या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाची निशाणी फूल होती, वेगळं राहण्याची दोन पानं. पाठीवर एक अक्षर नव्हतं. आजींना मात्र वाडा आठवत होता, दोन मुलांची नावंसुद्धा. आम्ही ती तिथल्या तिथे लिहून घेतली. नावगाव नसलेला फोटो संग्रहालयात जाऊनही मुकाच राहतो.

१९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली, त्याचे सरकारी फोटो आहेत. आपल्या दारावरून लष्कराची गाडी गेली तेव्हा अंगणात कोण उभं होतं, हे घरच्या कॅमेऱ्यातच सापडेल.

फोटो ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. काचेला चिकटलेला फोटो फ्रेमसकट आणा. एका गृहस्थांनी तो ओढून काढला आणि वडिलांचा चेहरा काचेवरच राहिला. आम्हाला काहीच करता आलं नाही. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती कागदी पाकिटात बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि लवकर आणा. आपल्या दमट हवेत ती झपाट्याने खराब होते. पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने.

आम्ही दोन्ही बाजू स्कॅन करतो. पाठीवरचा स्टुडिओचा शिक्काही कामाचा असतो. दान करायचं तर पणजीचं राज्य संग्रहालय, पुराभिलेख खातं किंवा पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र यांच्याकडे आधी चौकशी करा. काय ठेवून घ्यायचं ते त्या संस्था ठरवतात. दानपत्र नीट वाचा: फोटोची मालकी आणि तो छापण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फोटो ओळखणारं वडीलधारं माणूस दुकानात येऊ शकत नसेल तर तसं सांगा. आम्ही घरी येऊ. आठवणी लिहून घेण्याचे पैसे आम्ही घेत नाही.