बुंगिन (पुलाऊ बुंगिन)

बुंगिन : इंडोनेशियाच्या पश्चिम नुसा तेंगारा प्रांतातील, सुंबावा बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगतचे चिमुकले बेट व त्यावरील मच्छीमारांचे गाव. प्रशासकीय दृष्ट्या ते सुंबावा जिल्ह्याच्या आलास तालुक्यात मोडते. वस्ती जवळजवळ सर्वस्वी बाजो (सामा) या समुद्रजीवी जमातीची, धर्म इस्लाम. क्षेत्रफळ सुमारे ८.५ हेक्टर आणि लोकसंख्या तीन हजारांहून अधिक, असे आकडे बहुतेक ठिकाणी आढळतात. मात्र हे बेट रहिवाशांनीच भर घालून वाढवत नेले असल्याने क्षेत्रफळाचा कोणताही आकडा त्या त्या काळापुरताच धरावा. या हिशेबाने लोकसंख्येची घनता दर चौ. किमी.स ३५,००० च्या पुढे जाते. ‘जगातील सर्वांत दाट वस्तीचे बेट’ असा त्याचा लौकिक आहे. पण कोलंबियातील सांता क्रूस देल इस्लोते व व्हिक्टोरिया सरोवरातील मिगिंगो या बेटांविषयीही तोच दावा केला जातो, तेव्हा हे बिरुद जपून वापरलेले बरे.

वस्तीचा उगम : स्थानिक परंपरा वस्तीचा आरंभ १८१८ च्या सुमारास मानते. ‘बुबुंगिन’, म्हणजे समुद्रातून वर आलेला पांढऱ्या वाळूचा उंचवटा, एवढेच मूळचे बेट होते. मूळपुरुष म्हणून पालेमा मायो याचे नाव घेतले जाते. शेजारच्या लोंबोक बेटावरील सेलापारांगच्या राजाच्या सहा पुत्रांपैकी तो एक, अशी एक कथा. दुसऱ्या कथेत मूळ घराणे दक्षिण सुलावेसीतील बोने या राज्याकडचे. यांपैकी पहिली कथा आणि १८१८ हे साल यांचा मेळ बसत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लोंबोकवर बालीतील कारांगासेम घराण्याचा अंमल स्थिरावला होता. त्यामुळे एक तर साल बरेच मागे न्यावे लागते, किंवा राजघराण्याचा धागा मागाहून जोडला गेला असे मानावे लागते. दुसरा पर्याय अधिक संभाव्य दिसतो. कारण बाजो वस्त्यांच्या कथांत राजवंशाशी नाते सांगण्याची रीत सर्वदूर आहे. मलाय द्वीपकल्पातील जोहोर राज्याच्या हरवलेल्या राजकन्येच्या शोधात निघालेले खलाशी परतलेच नाहीत, ही कथा तर सुलावेसीपासून फिलिपीन्सपर्यंत थोड्याफार फरकाने सांगितली जाते.

एप्रिल १८१५ मध्ये सुंबावावरील तांबोरा ज्वालामुखीचा महाउद्रेक झाला आणि बेटाचे मोठे भाग ओसाड पडले. त्यानंतर तीनच वर्षांनी नवी वस्ती होणे सूचक आहे खरे. पण काळाची ही जवळीक म्हणजे पुरावा नव्हे. दक्षिण सुलावेसीतील गोवा (आपल्या गोव्याशी याचा संबंध नाही) या राज्याचा डच व बोने यांच्या युतीने १६६७–६९ मध्ये पाडाव केला. त्यानंतर बुगिस, मकासर व त्यांच्याबरोबर बाजो खलाशी ठिकठिकाणी पांगले. बुंगिनची वस्ती या दीर्घ प्रवाहाचाच एक उशिराचा टप्पा असावी, हे मत येथे ग्राह्य धरले आहे.

खुद्द बाजोंच्या मूलस्थानाविषयीही एकमत नाही. अभ्यासकांपैकी सोफर (१९६५) यांनी ते सुमात्राच्या पूर्वेकडील रिआऊ–लिंगा द्वीपसमूहाकडे शोधले. पॅलेसन (१९८५) यांनी बोलींच्या तुलनेवरून दक्षिण फिलिपीन्समधील बासिलान सामुद्रधुनीचा परिसर व इ. स. ८०० च्या आगेमागेचा काळ सुचविला. ब्लस्ट (२००७) यांनी सामा-बाजाऊ भाषांचे नाते आग्नेय बोर्निओतील बारितो भाषांशी जोडले. अलीकडील जनुकीय अभ्यासही आग्नेय कालिमंतानकडेच (कालिमंतान म्हणजे बोर्निओचा इंडोनेशियातील भाग) बोट दाखवितात, त्यामुळे या मताचे पारडे सध्या जड आहे.

भराव व घर : बुंगिनवर जमीन वडिलांकडून वाट्याला येतेच असे नाही, ती करावी लागते. लग्न ठरलेल्या तरुणाने बेटाच्या कडेला मृत प्रवाळाचे दगड रचून घरापुरती जागा तयार करायची आणि मग संसार थाटायचा, हा येथील रिवाज. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या प्रवाळपठारावरून दगड होडीत भरून आणतात. मोठे दगड बाहेरच्या बाजूला, बारीक तुकडे व वाळू आत, आणि भर पाण्याने दबून बसावी म्हणून मध्ये काही काळ थांबणे, असे हे काम नातेवाइकांच्या मदतीने महिनोन्‌महिने चालते. जागा शक्यतो वधूच्या किंवा वराच्या घराला लागून. त्यामुळे घराणी गटागटाने बाहेर सरकत गेली आणि जुनी घरे मधोमध राहिली. घर पारंपरिक रीतीने लाकडी खांबांवरचे, जमिनीपासून उंच. खाली जाळी, सरपण आणि शेळ्या. गवताचे नाव नसल्याने कागद, पुठ्ठा, कापड खाणाऱ्या या शेळ्या आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या वर्णनात असतात आणि प्रत्यक्षातल्यापेक्षा जरा जास्तच जागा अडवतात.

२००७ च्या किनारी प्रदेश व लहान बेटे कायद्याने (क्र. २७) परिसंस्थेला हानी पोहोचविणाऱ्या प्रवाळ-उत्खननावर बंदी घातली. दरम्यान बेट भरावाच्या रस्त्याने सुंबावाशी जोडले गेले होते. परिणामी मुख्य बेटावरून गाडीने दगडमाती आणण्याकडे कल वाढला. पूर्वी अंगमेहनतीवर मिळणाऱ्या जागेला आता रोख पैसा लागतो. ज्यांच्याकडे तो नाही ती जोडपी आईवडिलांच्याच घरात पडदा टाकून राहतात. बुंगिनमधील मालमत्तेचा प्रश्न खरे तर येथून सुरू होतो.

जमिनीचा हक्क : इंडोनेशियाचा १९६० चा मूलभूत भूमी कायदा (क्र. ५) रूढीच्या कायद्यावर, म्हणजे ‘आदात’वर, उभारलेला असून त्यात जमीन व तिच्यावरील बांधकाम ही वेगळी मालमत्ता मानण्याचे तत्त्व आहे. जमीन एकाची, घर दुसऱ्याचे, असे होऊ शकते. खांबांवरचे घर उचलून हलविता येणाऱ्या बाजो समाजाला हे तत्त्व नवे नाही. अडचण जमिनीपाशी येते. समुद्रातून वर आलेली किंवा भराव घालून केलेली किनारी जमीन थेट शासनाच्या नियंत्रणाखाली असते, असे २००४ च्या भूमिवापर नियमावलीत (क्र. १६) स्पष्ट म्हटले आहे. अर्थात ज्याने दगड रचले त्याला गाव मालक मानते, पण नोंदणी कार्यालयाच्या लेखी तो केवळ कब्जेदार. जमीननोंदणीच्या १९९७ च्या नियमावलीनुसार (क्र. २४) वीस वर्षांचा निर्वेध, प्रामाणिक कब्जा दाखवून नोंदणी मागता येते, त्यासाठी गावप्रमुखाचा दाखला व साक्षीदार लागतात. लहान बेटांवर असा दाखला हेच व्यवहारातले खरे खत असते. २०१७ पासून देशभर चाललेल्या सरसकट नोंदणी मोहिमेने अशा गावांपुढे प्रमाणपत्राची वाट उघडली. मात्र २०२१ च्या नियमावलीने (क्र. १८) रूढीच्या जुन्या लेखी पुराव्यांच्या नोंदणीस फेब्रुवारी २०२६ ही मुदत घातली.

किनाऱ्याचे नियम या बेटाला लावले तर विचित्र चित्र दिसते. २०१६ च्या अध्यक्षीय आदेशानुसार (क्र. ५१) उच्चतम भरतीरेषेपासून किमान १०० मी. पट्टा मोकळा असावा. ८.५ हेक्टरचे बेट गोलाकार धरले, तर असा पट्टा सोडल्यावर मध्ये जेमतेम सव्वा हेक्टर उरेल! स्थानिक गरजा व संस्कृती विचारात घेण्याची सोय नियमात आहे, म्हणूनच गाव आहे तेथे राहू शकते. त्याच वर्षीच्या भूमी मंत्रालयाच्या नियमाने (क्र. १७) लहान बेटाच्या ७० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर हक्क देऊ नयेत असे ठरविले, शिवाय पाण्यावरील रूढ वस्त्यांना मान्यता देण्याची तरतूद केली. २०२२ मध्ये आग्नेय सुलावेसीतील वाकातोबी द्वीपसमूहातील बाजो कुटुंबांना प्रमाणपत्रे मिळाली, ती याच धोरणाचा भाग होत. त्याआधी, २०११ मध्ये, सांविधानिक न्यायालयाने किनारी पाण्यावर खासगी व्यवसायहक्क देणारी २००७ च्या कायद्यातील तरतूद रद्द केली होती. मच्छीमार संघटनांच्या दृष्टीने तो निर्णय अधिक महत्त्वाचा ठरला.

परदेशी व्यक्तीस पूर्ण मालकी (हाक मिलिक) मिळत नाही. १९६० च्या भूमी कायद्याचे कलम २१ ती इंडोनेशियन नागरिकांपुरती ठेवते. वास्तव्य परवाना असल्यास वापरहक्क (हाक पाकाई) ३० वर्षांसाठी मिळू शकतो. पुढे २० वर्षांची वाढ व ३० वर्षांचे नूतनीकरण शक्य असते. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन आड राहण्याचा प्रघात पर्यटनाच्या पट्ट्यात आहे, पण कलम २६ (२) प्रमाणे असा व्यवहार रद्दबातल ठरतो, जमीन शासनाकडे जाते आणि दिलेले पैसेही परत मागता येत नाहीत. बुंगिनवर मोकळी जागाच नसल्याने असा प्रश्न फारसा उद्‌भवत नाही. तो जवळच्या लोंबोकच्या गिली बेटांवर तीव्र आहे. तेथे गिली त्रावांगानवरील ६५ हेक्टरांचा, एका खासगी कंपनीशी झालेला १९९५ चा करार प्रांतिक सरकारने २०२१ मध्ये संपुष्टात आणला आणि दरम्यान त्या जमिनीवर हॉटेले व घरे थाटून बसलेल्यांशी नव्याने बोलणी करावी लागली.

उपजीविका : मासळी, शेवंड (लॉबस्टर) व समुद्रकाकडी ही मुख्य कमाई. खोल पाण्यातल्या शोधासाठी टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर होडीवर ठेवतात. लांब रबरी नळीचे टोक दातांत धरून माणूस तळाशी उतरतो. वर येण्याची घाई झाली तर सांध्यांचे दुखणे, पांगळेपणा, क्वचित मृत्यू. नुसत्या दमावर बुडी मारण्याचे बाजोंचे कौशल्य प्रसिद्ध आहे. मध्य सुलावेसीतील बाजोंच्या पाहणीत (२०१८) पाण्याखाली दम टिकवण्यास मदत करणारी त्यांची प्लीहा शेजारच्या सालुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी मोठी आढळली. कॉम्प्रेसरपुढे मात्र तिचाही उपयोग नाही.

नोंदणीचा कागद नसल्याने जमीन बँकेकडे तारण ठेवता येत नाही. होडी, इंजिन, डिझेल यांसाठी पैसा पुंगावा (मासळीचा व्यापारी व सावकार) देतो आणि माल त्याच्याच दराने त्यालाच घालावा लागतो. शेवंडीच्या पिलांविषयीचे सरकारी धोरणही स्थिर नाही. २०१६ मध्ये पिले पकडण्यावर बंदी आली. २०२० मध्ये निर्यात खुली झाली, २०२१ मध्ये पुन्हा बंद आणि २०२४ मध्ये अटींसह पुन्हा खुली. अशा धोरणाच्या भरवशावर कर्ज काढून पिंजरे घालणे म्हणजे जुगारच. स्त्रियांच्या वाट्याला मासळी सुकविणे, विकणे व उधारीचा हिशेब राखणे येते. त्यांच्या नावावरील घरांविषयी लिखित माहिती तुटपुंजी आहे.

चालीरीतींत ‘तोया’ हा नवजात बालकाचा विधी उल्लेखनीय. झोपाळ्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या मांडीवर बाळाला आळीपाळीने देऊन झोके देतात. हे झोके म्हणजे लाटा, अशी समजूत. काठच्या खानावळींमुळे व दाट वस्तीच्या कुतूहलाने हल्ली पर्यटकही रस्त्याने येतात, पण ते बहुधा जेवून, शेळ्यांचे फोटो काढून संध्याकाळपूर्वी आलासला परततात.