सहाचे बारा करताना

जुन्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागे, बॅटरी मागच्या सीटखाली आणि हेडलाइट पार पुढच्या टोकाला. बॅटरीतून निघालेला करंट आधी डॅशबोर्डच्या बटणापर्यंत जातो, तिथून फ्यूजमधून दिव्यात, आणि बॉडीच्या पत्र्यातून परत येतो. एवढ्या लांबच्या वाटेवर कितीतरी जोड. गाडी ६ व्होल्टची असेल तर मालकाला रात्रीच्या पिवळट, मलूल उजेडाची सवयच झालेली असते. मग कुणीतरी हमखास सुचवतं, "१२ व्होल्टची बॅटरी टाका."

सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागचं गणित कळलं तर पुढच्या चुका टळतात. ४५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर साडेसात अँपिअर करंट ओढतो. १२ व्होल्टच्या तेवढ्याच वॅटच्या दिव्याला पावणेचार पुरतात. आता वायर, बटण, फ्यूज आणि गंजलेला अर्थ (करंट परत नेणारा बॉडीच्या पत्र्याशी असलेला जोड) मिळून वाटेत ०.१ ओहम रोध आहे असं धरा. साडेसात अँपिअरला पाऊण व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो, म्हणजे सहातला आठवा हिस्सा. पावणेचार अँपिअरला मात्र बारातला फक्त बत्तिसावा हिस्सा जातो. तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने घटतो: आठवा हिस्सा व्होल्टेज गेलं की एक तृतीयांशाहून थोडा अधिक उजेड गेलाच. म्हणून ६ व्होल्टला मी कमकुवत म्हणणार नाही. त्याला गंज सोसत नाही, एवढंच.

कंपन्यांनी बदल केला तो मुख्यतः इंजिनांमुळे. १९५०च्या दशकात अमेरिकेत जास्त कॉम्प्रेशनची मोठी व्ही-८ इंजिनं आली. ती फिरवायला सेल्फला (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरला) ताकद हवी, आणि आठ सिलिंडरना भराभर ठिणगी पुरवायची तर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या इग्निशन कॉइललाही. कॅडिलॅक १९५३मध्ये, शेव्हरोले १९५५मध्ये, फोर्ड १९५६मध्ये १२ व्होल्टवर गेली. अमेरिकेत विकली जाणारी बीटल १९६७च्या मॉडेलपर्यंत थांबली. (जुन्या रेडिओंतल्या कितीतरी व्हॉल्व्हना, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांना, ६.३ व्होल्टचा हीटर असे. तो आकडा गाडीच्या बॅटरीतूनच आला: लेड-ॲसिडचा एक सेल २.१ व्होल्टचा, असे तीन.)

बदल करताना सगळे दिवे, फ्लॅशर, इग्निशन कॉइल, डायनॅमो आणि त्याचा रेग्युलेटर बदलावेच लागतात. ६ व्होल्टच्या दिव्याला १२ दिले की तार क्षणात वितळते. ऑटोमॅटिक चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळवून देणारी झडप) असेल तर त्याचं हीटरचं वेटोळंही बदलायचं. हे बरेच जण विसरतात. कॉइलचा करंट तोडणारे पॉइंट आणि त्यांना जोडलेला कंडेन्सर, यांना काही फरक पडत नाही. आणि वायरिंगचं कवच तडकलेलं नसेल तर ते उगाच उपसू नका. ६ व्होल्टसाठी घातलेल्या जाड वायरांतून आता निम्मा करंट जाणार, त्या पूर्वीपेक्षा थंडच राहतील.

खरी अडचण वायपरच्या मोटरची. तिच्या वायरीत एक रोधक घालून सहा व्होल्ट 'गिळून टाकायचे', हा प्रचलित उपाय. पण रोधक किती व्होल्ट गिळेल हे करंटवर ठरतं, आणि मोटरचा करंट तिच्यावरच्या भारावर. काच अर्धवट सुकली, पातं घासायला लागलं की मोटर जास्त करंट मागते. नेमका तेव्हाच रोधक जास्त व्होल्ट खातो आणि मोटरच्या वाट्याला कमी येतात. जोर हवा तेव्हाच वायपर रेंगाळतो. विजेवर चालणाऱ्या पेट्रोलच्या काट्याचंही तसंच: टाकीतली पातळी बदलते तसा करंट बदलतो आणि काटा खोटं बोलतो. अशा ठिकाणी करंट कितीही बदलला तरी सहाच व्होल्ट देणारा छोटा इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर लावावा. रोधक लावून भागवणं मला पटत नाही.

सेल्फबद्दल मात्र जुने कारागीर निर्धास्त असतात, आणि त्याला आधार आहे. ६ व्होल्टचा सेल्फ १२ व्होल्टवर काही सेकंदच चालतो, तेवढ्यात तो जळत नाही. बीटलमध्ये तर तो बदलणं सोपंही नाही: सेल्फ ज्या दातेरी चाकाला फिरवतो त्या फ्लायव्हीलला ६ व्होल्टच्या गाडीत १०९ दाते, १२ व्होल्टच्या गाडीत १३०. म्हणून बहुतेक जण जुनाच ठेवतात. तो जोरात फिरतो, पण दात्यांवर आदळतोही जोरात. इंजिन लागलं नाही तर सेल्फ धरून ठेवू नका. अडकलेल्या मोटरमध्ये दुप्पट व्होल्टेजला चौपट उष्णता तयार होते.

या सगळ्याआधी मल्टिमीटरने एक तपासणी करा. हेडलाइट लावून मीटरची एक टोचणी बॅटरीच्या अर्थाच्या टोकावर आणि दुसरी दिव्याच्या अर्थावर धरा. अर्धा व्होल्ट दिसला, तर तुमच्या अंधाराचं मोठं कारण अर्थाच्या बोल्टखालच्या गंजात आहे. १२ व्होल्ट केल्यावर उजेड वाढेल, पण तो गंज तिथेच राहील, आणि बॅटरीच्या अर्थाच्या बोल्टखाली असेल तर सेल्फ मारतानाही आडवा येईल. बोल्ट खोला, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, पुन्हा घट्ट आवळा आणि मग तेच मोजमाप परत घ्या.