काँप्युटरवर तयार केलेली चित्रं: ही खरी कला आहे का?

काँप्युटर वापरून बनवलेल्या चित्रांना, मग ती स्थिर असोत की हलती, खरी कला म्हणायचं की नाही हा वाद १९६५ पासून, म्हणजे अशी चित्रं पहिल्यांदा गॅलरीत लागली तेव्हापासून चालू आहे. या एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो: टॅबलेटवर पेनने काढलेलं चित्र, थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल उभं करून रेंडर केलेला, म्हणजे काँप्युटरकडून त्याचं चित्र काढून घेतलेला सीन, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधून निघालेली आकृती, आणि अलीकडे दोनचार वाक्यं टाईप करून एआयकडून काढून घेतलेली इमेज. या चारही ठिकाणी माणूस जे काम करतो ते सारखं नाही, त्यामुळे सरसकट हो किंवा सरसकट नाही म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा यातला एकच प्रकार असतो.

सुरुवात करणारे लोक चित्रकार नव्हतेच. १९६५ च्या फेब्रुवारीत जर्मनीत स्टुटगार्टला गेओर्ग नीसची चित्रं लागली, एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत मायकेल नोल आणि बेला युलेश यांची, आणि नोव्हेंबरात पुन्हा स्टुटगार्टलाच नीस आणि फ्रीडर नाके यांची. कोणी गणितवाला, कोणी इंजिनियर, कोणी डोळ्यांना वस्तू किती जवळ, किती लांब हे कसं कळतं यावर रिसर्च करणारा. नीसच्या प्रदर्शनात जमलेले चित्रकार भडकले होते, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण हाताचा सराव हीच ज्याची आयुष्यभराची कमाई त्याला समोर हात नसलेलं यंत्र रेघा ओढताना दिसत होतं.

पण त्या रेघा जवळून बघायला हव्यात. नीसचं 'शॉटर' नावाचं चित्र घ्या. एका ओळीत १२ चौकोन, अशा २२ ओळी, बास. वरच्या ओळी अगदी सरळ, मग खाली येताना एखादा चौकोन किंचित तिरका होतो, थोडा सरकतो, पुढच्या ओळीत अजून थोडा, आणि तळाशी पोचेपर्यंत सगळे विस्कटून एकमेकांवर पडलेले. कोणता चौकोन किती अंश वळेल हे रँडम आकडा ठरवतो हे खरं, पण त्या रँडमपणाला दर ओळीला किती मोकळीक द्यायची ते नीसने ठरवलंय. ती जास्त भरभर वाढवली असती तर अर्ध्यातच पसारा झाला असता आणि शिस्त सुटत जाण्याचा जो ताण डोळ्याला जाणवतो तो उरलाच नसता, कमी ठेवली असती तर तळाशी काही विस्कटलंच नसतं. चित्राचं चित्रपण या एका निर्णयात आहे आणि तो निर्णय माणसाचा आहे, प्लॉटरच्या, म्हणजे काँप्युटरला जोडलेल्या रेघा ओढणाऱ्या यंत्राच्या पेनने फक्त तो कागदावर उतरवला.

नोलची गोष्टही सांगण्यासारखी आहे. बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत काम करताना त्याने डच चित्रकार पीट माँड्रियानच्या १९१७ च्या एका रेघांच्या चित्रासारखं चित्र प्रोग्रॅमने बनवलं आणि दोन्हींच्या झेरॉक्स १०० जणांना दाखवल्या. काँप्युटरचं कोणतं ते फक्त २८ टक्के लोकांनी बरोबर ओळखलं आणि ५९ टक्क्यांना काँप्युटरचंच जास्त आवडलं. हा प्रयोग वादात नेहमी पुढे केला जातो, पण त्यातून फार काही सिद्ध होत नाही असं माझं मत आहे, कारण झेरॉक्समध्ये मूळ चित्राचा रंगाचा थर, ब्रशची खूण, कॅनव्हासचा आकार सगळं निघून जातं, शिवाय ती रचना मुळात माँड्रियानलाच सुचली होती. जास्त महत्त्वाचं पुढे घडलं: नोलने आपल्या एका चित्राच्या कॉपीराइटसाठी अर्ज केला तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो नाकारला, म्हणे हे यंत्राने बनवलंय. प्रोग्रॅम माणसाने लिहिलाय हे त्याने समजावलं तर मग म्हणे रँडमपणा चालत नाही. शेवटी रँडम वाटणारे आकडेसुद्धा ठरलेल्या गणितानेच येतात हे पटवून दिल्यावर नोंदणी मिळाली. आज एआयच्या चित्रांवर जे मुद्दे निघतात त्यातले बरेचसे तेव्हाच निघून गेले होते.

पुढे शिकलेले चित्रकारही यात उतरले. १९६८ ला लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत 'सायबरनेटिक सेरेंडिपिटी' हे मोठं प्रदर्शन झालं, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये वेरा मोल्नारने काँप्युटर हाताळायला घेतला. बुडापेस्टला चित्रकला शिकलेली ही बाई त्याआधी जवळजवळ दहा वर्षं काँप्युटर नसतानाच स्वतःला नियम घालून देऊन हाताने यंत्रासारखी चित्रं काढत होती, एकेक पर्याय एकेक करून तपासत. यंत्र मिळाल्यावर तिचा वेग वाढला, विचार आधीपासूनचाच होता. हॅरल्ड कोहेनचं उदाहरण याहून ठळक: १९६६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनकडून गेलेला नावाजलेला चित्रकार, त्याने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला 'आरॉन' नावाचा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि २०१६ मध्ये मरेपर्यंत त्यावर काम करत राहिला. आजच्या एआयसारखी आरॉनला दुसऱ्यांची चित्रं खाऊ घातलेली नव्हती, आकृती कशी बंद करायची, पुढची वस्तू मागचीला कशी झाकते हे सगळे नियम कोहेनने स्वतःच्या चित्रकलेतून काढून लिहिले, आणि कितीतरी वर्षं रंग तो स्वतःच हाताने भरायचा.

थ्रीडी रेंडरबद्दलचा गैरसमज वेगळा आहे. तिथे लोकांना वाटतं बटण दाबलं की काँप्युटर करतो. पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसेल याचं गणित आहे खरं, फाँगची उजेड-सावली काढायची पद्धत (शेडिंग) १९७५ ची, काजियाचं रेंडरिंगचं समीकरण १९८६ चं, पण दिवा कुठे लावायचा हे ते गणित सांगत नाही. लायटिंग करणारा माणूस मुख्य लाइट थोडा खाली घेतो म्हणजे भुवईखालची सावली कमी होऊन डोळे दिसतात, मागून एक बारीक लाइट टाकतो म्हणजे खांद्याची कडा बॅकग्राउंडपासून सुटते, टेबलाच्या कडा मुद्दाम किंचित गोल करतो कारण खऱ्या वस्तूची कडा कधीच ब्लेडसारखी नसते आणि त्या गोलाईवरच चमक पकडली जाते, काचेवर बोटांचे डाग टाकतो, मग टेस्ट रेंडर काढून बघतो आणि पुन्हा सगळं हलवतो. हे डोळ्याचं काम आहे, चित्रकाराचंच. सिनेमावाल्यांना हे पटायलाही वेळ लागला: १९८२ च्या 'ट्रॉन'ला व्हिज्युअल इफेक्ट्सच्या ऑस्करचं नामांकन मिळालं नाही आणि काँप्युटर वापरणं म्हणजे चीटिंग असं तेव्हा मानलं गेलं असं त्याच्या दिग्दर्शकाने पुढे सांगितलं, पण १९८८ च्या 'टिन टॉय'ला शॉर्ट ॲनिमेशनचं ऑस्कर मिळालं.

फोटोग्राफीचंही असंच झालं होतं. १८५९ मध्ये फ्रेंच कवी बोदलेअरने फोटोग्राफीला नापास चित्रकारांचा आसरा म्हणून झोडपलं. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर फोटोग्राफर नेपोलियन सारोनीने काढलेल्या लेखक ऑस्कर वाइल्डच्या फोटोचा खटला आला तेव्हा कोर्टाने कॅमेऱ्याकडे न बघता पोझ, कपडे, पडदे, उजेड-सावली कोणी ठरवली हे बघितलं आणि फोटोग्राफरला कर्ता मानलं. मला ही कसोटी अजूनही सगळ्यात कामाची वाटते.

एआय इमेजला तीच लावून बघा. २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात 'एडमंड द बेलामी' नावाचं न्यूरल नेटवर्कमधून, म्हणजे नमुने बघून शिकणाऱ्या प्रोग्रॅममधून निघालेलं पोर्ट्रेट ४,३२,५०० डॉलरला गेलं, पण किंमत मिळाली म्हणून कला ठरत नाही. २०२२ मध्ये कोलोराडो स्टेट फेअरच्या डिजिटल विभागात मिडजर्नी या एआयने काढलेल्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं, ते काढून घेणाऱ्याने निदान ६२४ वेळा प्रॉम्प्ट (एआयला दिलेली वाक्यं) बदलल्याचं सांगितलं, तरी अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने एआयने केलेला भाग नोंदवायला नकार दिला. एक वाक्य टाकून आलेली पहिली इमेज उचलली तर त्यात ठरवण्यासारखं फारसं काही उरत नाही, तिला त्या माणसाची कला म्हणायला मी तयार नाही. पण जो स्वतःची चित्रं दाखवून एआय मॉडेल शिकवतो (ट्रेन करतो), शेकडो इमेज फेकून देतो, एकीचा हात दुसरीत बसवतो, वरून रंगवतो, त्याचं काम कोहेनच्या जवळ जातं.

दुसऱ्यांची चित्रं न विचारता ट्रेनिंगला वापरली ही कलाकारांची तक्रार मात्र पूर्ण वेगळी आहे आणि ती रास्त आहे. इमेज कला ठरली तरी ती तक्रार मिटत नाही, नाही ठरली तरी मिटत नाही, परवानगी आणि पैसे हे ज्यांच्या कामावर मॉडेल शिकलं त्यांना वेगळे द्यावेच लागतील.