व्हेरिकोज व्हेन्सवरचे बिनचिरफाडीचे उपचार

पायातल्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा (जुन्या मराठी ग्रंथांत ‘अपस्फीत नीला’, बोलताना कोणी म्हणत नाही) कापून ओढून न काढता जागच्या जागी बंद करायच्या, असे हे उपचार. शिरेतल्या झडपा नीट मिटत नसल्याने रक्त उलटं खाली येतं, ते डॉपलर सोनोग्राफीत दिसतं. अशी शीर बंद केली की रक्त आतल्या चांगल्या शिरांनी जातं आणि बंद पडलेली शीर काही महिन्यांत आक्रसते.

आधी मांडीत शीर बांधायची (जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्ग, साधारण १८९०) आणि पुढे बॅबकॉकच्या १९०७ च्या स्ट्रिपरने ती खेचून काढायची पद्धत होती.

शिरेत बारीक तंतू (फायबर) सरकवून लेझरच्या उष्णतेने ती बंद करण्याचा पहिला मान कोणाचा यावर घोळ आहे. बहुतेक ठिकाणी स्पेनच्या कार्लोस बोने यांचं १९९९ मधलं काम पहिलं धरतात, नंतर २००१ मध्ये नवारो, मिन आणि बोने यांचा लेख आला. पण पुलिसी आणि सहकाऱ्यांनी १९८९ च्या सुमारासच शिरांसाठी लेझर वापरल्याची नोंद आहे, आणि नुसती उष्णताच धरायची तर पोलंडचे पोलिटोव्स्की १९६० च्या दशकात विजेच्या प्रवाहाने शिरा जाळत होते. तरी पद्धत रुळली ती बोने-नवारो-मिन यांच्यापासून, असं मानणं जास्त पटतं. रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींच्या ऊर्जेने शीर आतून तापवणं) मात्र लेझरच्या जरा आधीची, अमेरिकेत तिला १९९९ मध्ये मंजुरी मिळाली, लेझरला २००२ मध्ये.

लेझरने शीर नक्की कशी बंद होते यावरही मतं दोन. एक गट म्हणतो रक्त उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि ते भिंत भाजतात, दुसरा म्हणतो फायबरचं तापलेलं टोक आणि थेट उष्णता महत्त्वाची; दोन्ही थोडं थोडं होत असावं. सुरुवातीच्या ८१०, ९४०, ९८० नॅनोमीटरच्या लेझरची ऊर्जा रक्तातलं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी घेतं, नंतरच्या १४७० ची जास्त करून पाणी घेतं, म्हणजे शिरेच्या भिंतीतलंही, म्हणून दुखणं आणि काळंनिळं पडणं कमी असं सांगतात (अर्थात फायबरचं टोकही मधल्या काळात बदललं, त्यामुळे सगळं श्रेय तरंगलांबीला देणं अवघड). रेडिओफ्रिक्वेन्सीत ७ सेंटीमीटरचा तुकडा १२० अंश सेल्सियसला २० सेकंद तापवतात, मग कॅथेटर (शिरेत घातलेली बारीक नळी) पुढच्या तुकड्याला. दोन्हीत शिरेभोवती पातळ केलेलं भुलीचं औषध भरतात, त्याने भाजण्यापासून आजूबाजूचं वाचतं.

फोमचं (औषधाचा फेस शिरेत टोचून ती बंद करायची) मूळ त्याहून जुनं, ऑर्बाख १९४४. आजची सोपी रीत इटलीच्या तेसारींची, २००० च्या आसपासची: दोन सिरिंज, मधे तीन तोंडांची तोटी, एक भाग औषध आणि चार भाग हवा, इकडून तिकडे ढकलून फेस करायचा.

ब्रिटनच्या नाइसने (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी सरकारी संस्था) २०१३ मध्ये आधी उष्णता (लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी), जमत नसेल तर फोम, तेही नाही तर ऑपरेशन असा क्रम दिला. ग्लूचे उपचार (फेविक्विकच्याच जातीचं रसायन, वैद्यकीय प्रकारातलं) अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले, त्यात शिरेभोवती भूल भरावी लागत नाही आणि नंतर घालायचे घट्ट मोजेही (स्टॉकिंग) बहुधा लागत नाहीत.