मातृदुग्ध पेढीत दूधदान : पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्ध पेढी, म्हणजे मातांनी दान केलेले दूध गरजू बाळांसाठी साठवणारे केंद्र, सुरू झाली आणि ती आशियातील पहिली ठरली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली सार्वजनिक रुग्णालयांसाठी याविषयीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. दूधदानासाठी पेढीत गेलेल्या मातेपुढे प्रश्नावली, संमतिपत्र आणि रक्ततपासणी असे सारे येते, तेव्हा “दूधच तर द्यायचे आहे, मग एवढी चौकशी कशाला?” असे तिच्या घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. हे दूध बहुधा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या पोटात जाते. त्याची आतडी अजून कच्ची असतात आणि साधा जंतुसंसर्गही त्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणूनच ही चौकशी आहे.

स्वतःच्या बाळाचे पोट भरून दूध उरते अशी कोणतीही निरोगी माता स्वेच्छेने दान करू शकते. ज्यांचे बाळ नवजात अतिदक्षता विभागात आहे त्या माता, रुग्णालयातील स्तनदा कर्मचारी, तसेच बाळ दगावल्यानंतरही दूध देण्याची इच्छा असलेल्या माता यांनाही दान करता येते. या शेवटच्या मातांशी बोलताना कर्मचाऱ्यांनी कागद पुढे करण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सिफिलिसची चाचणी सकारात्मक आलेल्या, तंबाखू वा अमली पदार्थांचे सेवन करणाऱ्या, नियमित मद्यपान करणाऱ्या आणि गेल्या १२ महिन्यांत रक्त चढवलेल्या किंवा अवयवरोपण झालेल्या मातेचे दूध स्वीकारले जात नाही. स्तनाला सूज येऊन संसर्ग झाला असेल, स्तनाग्रावर बुरशी असेल किंवा छातीवर नागिणीचे फोड असतील, तर ते बरे होईपर्यंत दान थांबवावे लागते. मशेरी हीसुद्धा तंबाखूच आहे. पुष्कळ जणी ती व्यसनात धरत नाहीत, म्हणून प्रश्नावली भरताना तिचा उल्लेख आवर्जून करावा. चालू औषधांची, आयुर्वेदिक काढ्यांसकट, पूर्ण नावे सांगावीत.

सोबत गरोदरपणातील तपासण्यांची नोंद असलेले माता व बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीनंतर मिळालेले डिस्चार्ज कार्ड आणि रक्ताचे अहवाल न्यावेत. अहवाल सहा महिन्यांच्या आतील नसतील तर चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. ओळखपत्राबाबत प्रत्येक रुग्णालयाची पद्धत वेगळी असल्याने आधी विचारून घ्यावे. संमतिपत्र लेखी असते आणि त्यावर मातेचीच सही लागते. नवऱ्याने किंवा सासूने तिच्या वतीने दिलेला होकार पुरेसा नाही. दात्या मातेचे नाव गुप्त ठेवले जाते आणि दानाचा मोबदला दिला जात नाही. मानवी दुधाच्या विक्रीला परवानगी नसल्याचे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ साली पुन्हा स्पष्ट केले आहे.

दूध शक्यतो पेढीतच, साबणाने हात धुऊन, हाताने किंवा पंपाने काढले जाते. घरी काढल्यास निर्जंतुक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहून ती लगेच थंड करावी आणि बर्फाच्या पेटीतून न्यावी. आधी गोठवलेल्या दुधात ताजे कोमट दूध ओतू नये, कारण गोठलेला थर वितळतो आणि दुधातील स्निग्धांशाचे विघटन होऊ लागते. गोठताना दूध फुगत असल्याने बाटली काठोकाठ भरू नये.

पेढीत दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून झटपट गार करतात. भोवतालचे पाणी तापले म्हणून वेळ मोजायला सुरुवात होत नाही. बाटलीतील दूधच त्या तापमानाला पोहोचले, की मग घड्याळ सुरू होते. या पद्धतीने एचआयव्हीसारखे विषाणू निष्प्रभ होतात, परंतु बॅसिलस जातीच्या काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची उष्णता सोसणारी सुप्त रूपे, तग धरू शकतात. त्यामुळे तापवलेल्या दुधाचा नमुना पुन्हा तपासतात आणि त्यात जंतूंची वाढ दिसल्यास ती सगळी खेप टाकून देतात. निर्दोष दूध उणे २० अंशांवर साठवले जाते. तापवण्याच्या या उष्णतेत दुधातील स्निग्धांश पचवणारे लायपेज हे विकर नष्ट होते आणि जंतूंशी लढणारे लॅक्टोफेरिन हे प्रथिन व प्रतिपिंडे बरीच घटतात, मात्र ऑलिगोसॅकराइड या शर्करा जवळजवळ तशाच टिकतात. हे नुकसान कमी व्हावे म्हणून ७२ अंशांवर १५ सेकंद तापवणे, उच्च दाब देणे आणि अतिनील किरणे वापरणे या पर्यायांवर संशोधन चालू आहे. अशा अभ्यासासाठी दूध वापरायचे असल्यास नैतिकता समितीची मंजुरी आणि मातेची स्वतंत्र लेखी संमती लागते. ती नाकारली म्हणून दानाचा हक्क जात नाही.

दूध मिळवण्यासाठी डॉक्टरांची लेखी शिफारस आणि बाळाच्या पालकांची संमती आवश्यक असते. सख्ख्या आईचे दूध पुरेसे येऊ लागेपर्यंतच ते दिले जाते आणि मागणी जास्त असल्यास गर्भात सर्वांत कमी दिवस राहिलेल्या, कमी वजनाच्या बाळांचा क्रम आधी लागतो. दिलेल्या बाटलीचा खेप क्रमांक बाळाच्या केसपेपरवर लिहिला जातो, म्हणजे पुढे काही शंका आल्यास त्या क्रमांकावरून दात्या मातेच्या नोंदीपर्यंत मागे जाता येते.