बेटकास्टिंग रीळ शिकताना स्पूलवर कोणता तंगूस भरावा?

मासेमारीच्या साध्या स्पिनिंग रिळात गळाचा दोर, म्हणजे तंगूस, फेकताना स्पूल (दोर गुंडाळलेली फिरकी) जागचा हलत नाही. दोर त्याच्या कडेवरून सुटत जातो आणि टोकाचे लुअर (नकली आमिष) थांबले की तोही थांबतो. बेटकास्टिंग रिळात मात्र लुअर दोर ओढते आणि दोर स्पूलला फिरवतो. लुअर सेकंदाला २० मीटर वेगाने सुटले, तर ३४ मिमी व्यासाचा भरलेला स्पूल मिनिटाला अकरा हजारांहून जास्त फेरे घेत असतो. पुढे हवेच्या विरोधामुळे लुअर मंदावते, पण स्पूल जडत्वाने फिरतच राहतो. जास्तीचा सुटलेला दोर बाहेर ओढायला कोणी नसते, म्हणून तो स्पूलवरच सैल होतो, वेटोळी एकमेकांत अडकतात आणि गच्च गुंता होतो. संक्रांतीला पतंग ढिला पडला आणि चक्री फिरतच राहिली, की मांज्याचे जे होते तेच इथे होते.

हा गुंता शिकणाऱ्याला चुकत नाही. म्हणून दोर निवडताना दोनच गोष्टी पाहायच्या: गुंता कमी वेळा व्हावा आणि झालाच तर हाताने सोडवता यावा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच विसरली जाते.

दोराचे वजन हिशेबात घेऊ. ०.३५ मिमी जाडीचा १०० मीटर नायलॉनचा तंगूस साधारण ११ ग्रॅम भरतो, म्हणजे फेकायच्या लुअरइतकेच वजन स्पूलवर फिरत असते. तेवढ्याच जाडीचा फ्लुरोकार्बन, म्हणजे दुसऱ्या एका प्लास्टिकचा तंगूस, १७ ग्रॅमच्या आसपास जातो, कारण त्याची घनता १.७८ आणि नायलॉनची १.१४ आहे. पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली ब्रेडेड लाइन पाण्यापेक्षाही हलकी असते. शिवाय तेवढ्याच ताकदीला ती बरीच बारीक मिळते, त्यामुळे १०० मीटरचे वजन सहा ग्रॅमच्या आतच राहते. जड दोर भरलेला स्पूल उशिरा वेग घेतो आणि उशिरा थांबतो. एवढ्यावरच निवड करायची तर ब्रेडेड जिंकते, आणि अनेक जण पहिल्याच दिवशी तीच भरतात.

अडचण गुंता झाल्यावर कळते. ब्रेडेडला स्वतःचा ताठपणा नसतो. तिची मऊ, बारीक वेटोळी खालच्या थरांत घुसतात आणि तिथे आवळून बसतात. बोटांना धरायला काही सापडत नाही. तिला ताणही जवळजवळ नसतो. फेक अर्ध्यात असताना स्पूल अडकला, तर सगळा झटका एका क्षणात गाठीवर येतो आणि लुअर तुटून पाण्यात जाते. नायलॉन ओढल्यावर लांबतो, बराचसा झटका पोटात घेतो. त्याची वेटोळी जाड आणि उभी राहणारी असल्यामुळे डोळ्यांना दिसतात, सुटतातही.

म्हणून सुरुवातीला १२ पौंडी, म्हणजे सुमारे साडेपाच किलो ताकदीचा, मऊ नायलॉन तंगूस घ्यावा. पौंडाच्या आकड्याआधी पाकिटावरची जाडी वाचावी. ०.३३ ते ०.३६ मिमी हवी. याहून बराच बारीक असेल तर तो वरच्या थरांखाली दबतो, कधी स्पूल आणि चौकटीमधल्या फटीतही शिरतो. ०.४५ मिमीच्या पुढे तो ताठ होतो आणि स्पूलवरून उसळून बाहेर येतो. रंग ठळक पिवळा किंवा नारिंगी असावा. सैल झालेले वेटोळे उन्हात लगेच दिसते. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो हे खरे आहे. अपवर्तनांक पाण्याच्या जितका जवळ, तितका दोर कमी दिसतो: पाण्याचा १.३३, त्याचा १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पण पावसाळ्यातल्या तापीच्या गढूळ पाण्यात या फरकाचा उपयोग नाही आणि शिकायच्या मैदानात तर मुळीच नाही.

आता खानदेशातल्या उन्हाबद्दल, कारण इथे तंगूस बिघडतो तो बहुतेक वेळा घरीच. कोरड्या नायलॉनचे रेणू साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पुढे हलायला मोकळे होतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत ५० अंश सहज ओलांडले जातात. स्पूलवर गुंडाळलेला तंगूस अशा वेळी मोकळा होतो आणि संध्याकाळी थंड होताना त्याच गोल आकारात घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी तो स्प्रिंगसारखा वेटोळी घेऊनच बाहेर पडतो, दोर पसरवणाऱ्या लेव्हल वाइंडच्या छोट्या भोकात घासतो आणि फेक तिथेच अडते. दोष रिळाच्या ब्रेकला दिला जातो. रीळ गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये, घरात सावलीत ठेवावे. ऊन नायलॉनचे रेणू तोडतेही, त्यामुळे खिडकीत टांगलेला तंगूस काही महिन्यांत ठिसूळ होतो.

याचा उपायही नायलॉनच्याच स्वभावात आहे. नायलॉन पाणी शोषतो. पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्यांमधले बंध सैल करतात, आणि ५० अंशांना जे घडते ते साध्या तापमानालाही घडू लागते. फेकीआधी स्पूल काढून पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवावा. मग तीसेक मीटर दोर ओढून, टोक झाडाला बांधून एक मिनिट हलका ताण द्यावा. वेटोळी बरीच सरळ होतात. भिजल्यावर ताकद थोडी कमी होते, पण सरावाला त्याने बिघडत नाही. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, त्याला हा उपाय लागू पडत नाही.

भरताना दुकानातून आणलेल्या तंगुसाच्या गुंडीच्या भोकातून पेन्सिल घालून ती दुसऱ्याला धरायला द्यावी, गुंडी मोकळी फिरली पाहिजे. दोर आधी लेव्हल वाइंडमधून ओवावा, मग स्पूलला बांधावा. ओल्या फडक्याच्या चिमटीत धरून घट्ट गुंडाळावा. सैल भरलेला थर पहिल्याच जोरदार फेकीत आत घुसतो. कडेपासून सुमारे ३ मिमी मोकळे ठेवावे. स्पूल अर्धाच भरावा असे सांगितले जाते. दोर कमी म्हणजे वजन कमी, इतके बरोबर. पण त्रिज्या घटल्याने तेवढ्याच अंतराला स्पूलला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि फायदा बहुतेक फिटतो. त्यापेक्षा खाली जुना नायलॉन भरून वर ५० मीटर नवा घालावा. तीस मीटर दोर ओढून स्पूलवर चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा आणि दोर परत गुंडाळावा. गुंता या पट्टीच्या खाली जात नाही.

सरावाला १४ ग्रॅमचे, गळ नसलेले वजन लावावे. जागा गवताची असावी. कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असलेल्या शेतात दोर अडकतो आणि खरडतो. स्पूलच्या टेन्शनची चकती इतकी आवळावी की स्पूल मोकळा करणारे बटण दाबल्यावर वजन सावकाश खाली यावे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबावा. चुंबकी ब्रेक आधी पूर्ण चढवावा. ॲल्युमिनियमचा स्पूल चुंबकासमोर फिरला की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो फिरण्याला विरोध करतो, वेग जास्त तेवढा विरोध जास्त. तरीही वजन जमिनीला टेकण्याआधी अंगठ्याने स्पूल थांबवावाच लागतो. वारा पाठीवर घ्यावा. समोरून आला तर लुअर लवकर मंदावते.

गुंता झाला तर ओढू नये, ओढले की वेटोळी आवळतात. अंगठा स्पूलवर जोराने दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवावे, मग बटण दाबून दोर हलकेच ओढावा. बहुतेक गुंते दोन-चार वेळा असे केल्यावर सुटतात. सुटल्यावर तेवढ्या भागावर नख फिरवावे. पांढरी चीर किंवा मोड लागली तर तिथपर्यंतचा दोर कापून टाकावा, मासा तिथेच तोडतो. कापलेले तुकडे घरी न्यावेत. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत ते अडकतात. जलाशयात मासेमारीला उतरण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घ्यावी.

सलग बऱ्याच फेकी गुंत्याशिवाय जाऊ लागल्या, की जलपर्णीतला मरळ ओढायला ३० ते ४० पौंडी ब्रेडेड घ्यावी. तिथे तिच्या बारीक आणि न ताणणाऱ्या दोराला तोड नाही. धरणाच्या पिचिंगचे, म्हणजे उतारावर रचलेले, दगड मात्र तिला कापतात. ती भरताना स्पूलवर आधी दहा मीटर नायलॉन गुंडाळावा, नाहीतर गुळगुळीत धातूवर ब्रेडेडचा सगळा गठ्ठा घसरून जागच्या जागी फिरतो.