चार्ल्स डिकन्सची व्यक्तिचित्रे

इंग्रज कादंबरीकार आणि पत्रकार चार्ल्स डिकन्स (१८१२–१८७०) याची रंगचित्रे, रेखाटने व छायाचित्रे. दाढीवाला, विरळ केसांचा, थकल्या डोळ्यांचा डिकन्स आज सर्वांच्या ओळखीचा आहे. पण तो अखेरच्या पंधराएक वर्षांतला. त्याआधीचा डिकन्स गुळगुळीत दाढी केलेला, लांब केसांचा, कपड्यांचा षोकीन तरुण होता.

हा तरुण डॅनिअल मक्लीसच्या १८३९ च्या तैलचित्रात दिसतो. ‘निकोलस निकल्बी’ ही कादंबरी पुस्तकरूपाने निघताना आरंभी छापण्यासाठी प्रकाशकांनी ते काढून घेतले होते. आरशालाही इतके हुबेहूब जमले नसते, अशा शब्दांत समकालीन कादंबरीकार थॅकरेने त्याची वाखाणणी केली.

मार्गारेट गिलीजने १८४३ मध्ये, म्हणजे ‘अ ख्रिसमस कॅरल’ लिहिले जात होते त्याच सुमारास, एक लघुचित्र रंगवले. पुढे ते गहाळ झाले. ते सापडले थेट २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्गला, लिलावात घेतलेल्या किरकोळ वस्तूंच्या खोक्यात, अंगावर बुरशी चढलेल्या अवस्थेत! आता ते लंडनच्या डिकन्स संग्रहालयात आहे.

डिकन्सला चित्रकारापुढे बसण्याचा कंटाळा असे. १८५५-५६ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये आरी शेफरने त्याला बसवले, तेव्हा ‘लिटल डॉरिट’चे लेखन खोळंबते म्हणून तो वैतागला, शिवाय चित्र त्याला स्वतःसारखे वाटलेच नाही.

सर्वांत रंजक हकिगत विल्यम पॉवेल फ्रिथच्या चित्राची. डिकन्सचा मित्र व पुढे चरित्रकार झालेला जॉन फॉर्स्टर याला ते हवे होते. पण डिकन्सने मिशा राखल्या. हे खूळ ओसरेल म्हणून फॉर्स्टर वाट पाहत बसला, तर मिशांच्या जोडीला दाढीही आली. आता तोंडच झाकले जाईल या धास्तीने त्याने घाई केली आणि १८५९ मध्ये चित्र पुरे झाले. त्यातली मुद्रा पाहून डिकन्स म्हणाला, की शेजारी आपला हाडवैरी आहे, त्याच्या घराचा विमा नाही आणि ते पेटल्याची बातमी आत्ताच कळली आहे, असा मी दिसतो! आपल्या चेहऱ्यावर याहून नेमके भाष्य क्वचितच कोणी केले असेल. हे चित्र व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहे.

दाढीवाली प्रतिमा रूढ झाली ती मुख्यतः छायाचित्रांमुळे. बँक ऑफ इंग्लंडच्या १९९२ च्या दहा पौंडांच्या नोटेवरही तोच डिकन्स होता.

१० जून १८७० रोजी, मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी, जॉन एव्हरेट मिलेने त्याचा निष्प्राण चेहरा पेन्सिलीने रेखाटला. त्याच वर्षी ल्यूक फिल्ड्सने डिकन्सच्या गॅड्स हिलच्या घरातली अभ्यासिका चितारली. ‘द एम्प्टी चेअर’ या चित्रात डिकन्स नाही, फक्त टेबल आणि मागे सरकवलेली रिकामी खुर्ची आहे. व्हॅन गॉगला हे चित्र फार प्रिय होते.

आपले स्मारक उभारू नये, असे डिकन्सने मृत्युपत्रात बजावले होते. तरी फिलाडेल्फिया आणि सिडनी येथे एकोणिसाव्या शतकातच त्याचे पुतळे तयार झाले. जन्मगाव पोर्ट्समथला मात्र २०१४ साल उजाडावे लागले.